उमेदवाराला आरोग्याबद्दल काय विचारायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विधानसभेची निवडणूक आली की ओळखीपाळखीचे लोक हमखास विचारतात, "सिस्टर, तुमची अख्खी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. आरोग्याच्या बाबतीत कुठला उमेदवार बरा, हे ओळखायचं कसं?" पक्ष मी सांगत नाही. पण उमेदवार दारात आला की एक प्रश्न नक्की विचारा : आपल्या ग्रामीण रुग्णालयाला भूलतज्ज्ञ कधी मिळणार आणि त्यासाठी तुम्ही सभागृहात काय करणार?

एवढंच का, असं लोकांना वाटतं. रात्री बाळंतपणाला आलेली बाई डोळ्यांसमोर आणा. कळा आहेत, पण पुढे सरकत नाही. बाळाचे ठोके उतरायला लागलेत. शस्त्रक्रियागृह तयार आहे, निर्जंतुक केलेला सेट आहे, कधीकधी स्त्रीरोगतज्ज्ञही हजर असतात. भूल द्यायला कोणी नाही, म्हणून सिझेरियन होत नाही. मग जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायची, म्हणजे रेफरची, चिठ्ठी लिहायची, १०८ला फोन करायचा, तिच्या सासूला धीर द्यायचा. गाडी लगेच आली तरी जिल्ह्याचं अंतर कमी होत नाही. बाहेरचा भूलतज्ज्ञ केसमागे मानधन देऊन बोलावता येतो खरा, पण तो तालुक्यात राहत असला तर, आणि अपरात्री यायला तयार असला तर. अशा कितीतरी बायकांना मी गाडीत चढवून दिलं आहे. त्यातल्या काहींचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही, आणि हे आजही मनातून जात नाही.

उमेदवार मात्र इमारतीबद्दल बोलतात. तीस खाटांचं रुग्णालय पन्नास खाटांचं करू, म्हणजे श्रेणीवर्धन. तेही हवंच. पण इमारत बांधकाम विभाग बांधतो, पदांना मंजुरी वेगळी लागते, आणि मंजूर पदावर माणूस येणं ही तिसरी गोष्ट. या तिन्हींच्या मध्ये वर्षं निघून जातात. बंधपत्राचे, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करायला बांधलेले डॉक्टर येतात, हाताला वळण लागेपर्यंत त्यांची मुदत संपते. आमदार निधीतून खोली होईल, यंत्र येईल. पगार होत नाही. म्हणून रिकाम्या जागेचा प्रश्न मंत्रालयातच सोडवावा लागतो, आणि तिथे भांडायलाच तर आपण माणूस निवडून देतो.

काही जण दिल्लीकडे बोट दाखवतात. तसं ऐकून घेऊ नका. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२०पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करावा असं म्हटलं होतं. महाराष्ट्र तिथे पोचलेला नाही. हे उमेदवाराला माहीत असायला हवं.

आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी, जी बहुतेकांना नसते : कुठला दवाखाना कोणाचा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय अधिष्ठात्यांकडे, म्हणजे डीनकडे, आणि त्यांचं खातंच वेगळं. पेशंट या तिघांच्या मध्ये फिरतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो निवडून आला तरी चुकीच्या टेबलावर पत्र देत बसेल.

शिबिरांना आणि रुग्णवाहिकेच्या लोकार्पणाला मी नाव ठेवत नाही. शिबिरात मोतीबिंदू सापडतो, चष्मा मिळतो. पण बाळंतपण शिबिराची तारीख बघून होत नाही, आणि सापही तारीख बघून चावत नाही. उपचारांचा खर्च देणाऱ्या सरकारच्या महात्मा फुले योजनेचंही तसंच. पाच लाखांचं संरक्षण मोठं आहे, पण योजनेतलं रुग्णालय दोन तालुके ओलांडून असेल तर कार्ड खिशातच राहतं. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय फार चांगला. फक्त, ज्या सेवेला माणूसच नेमलेला नाही ती मोफत कशी मिळणार?

उत्तर देताना उमेदवार तारांकित प्रश्न, लक्षवेधी, आरोग्याच्या मागण्यांवरची कपात सूचना असं, म्हणजे सभागृहात सरकारला जाब विचारायच्या मार्गांबद्दल, काही बोलला, तर त्याला बसायला खुर्ची द्या. आपल्या तालुक्यात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हा आकडा पाठ असेल तर चहाही द्या. "सगळं करू" म्हणाला, तर पुन्हा तोच प्रश्न विचारा. आधीचाच आमदार परत उभा असेल तर काम आणखी सोपं. पाच वर्षांत त्याने सभागृहात आरोग्यावर काय विचारलं, याची नोंद विधिमंडळाच्या कामकाजात असते. ती काढा आणि तो येईल तेव्हा समोर ठेवा.