एसीची गळती सापडली: नायट्रोजन टेस्ट ते गॅस चार्जिंग

माझ्या गाडीच्या एसीची गळती कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा पुढचा भाग) खालच्या कोपऱ्यात निघाली, बंपरच्या आत चिखल साठतो तिथं. खानापूर-जांबोटीच्या लाल मातीत गाडी फिरवणाऱ्यांनी हा कोपरा एकदा बॅटरी मारून बघाच. माती पावसाळाभर ओली राहते आणि अॅल्युमिनियमच्या पातळ नळ्या तिथूनच पोखरल्या जातात.

गाडी जुनी हॅचबॅक, एसीत गारवा देणारा गॅस आर-१३४ए जातीचा. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) चालू-बंद करणारा क्लच सारखा टक-टक लागत-सुटत होता, गारवा नावापुरता. आपल्याकडे अशा गाडीत दर उन्हाळ्याला नुसता गॅस मारून देतात. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे बाहेर गेला. आणि हा गॅस तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून घातक आहे. म्हणून आधी गळती, मग गॅस, यावर मी ठाम होतो.

बंद गाडीला गेज (दाब मोजायचा काटा) लावून ८० पीएसआय (दाबाचं एकक) दिसलं तरी गॅस पुरेसा आहे असं धरू नका. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत २५ अंशांना काटा तेवढंच दाखवतो, मग गॅस निम्मा असो की पूर्ण.

कूलिंग कॉइलची (डॅशबोर्डआड हवा गार करणारी) धास्ती होती, कारण तिच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ब्लोअर बंद करून थोडं थांबलो आणि पाणी गळतं त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी गॅस ओळखणारा डिटेक्टर धरला. गॅस हवेपेक्षा जड, कॉइल फुटली असेल तर तिथं उतरणारच. डिटेक्टर गप्प. "कॉइल चांगली हाय, वाचलासा बघा," गॅरेजचे मामा म्हणाले.

उरलेला गॅस मशीनने काढून घेतला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून कोरड्या नायट्रोजनचं सिलिंडर रेग्युलेटरसकट मिळालं. एसीच्या नळ्यांत तो १५० पीएसआय भरून रात्रभर ठेवला; दाब उतरला तर गळती आहे. इथं एक हिशेब लक्षात ठेवा: संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे २० असेल, तर गळती नसतानाही काटा पाचेक पीएसआय उतरतो. आमचा शंभरच्या खाली गेला होता. भांड्याच्या साबणाचं पाणी लावल्यावर कंडेन्सरच्या कोपऱ्यात बारीक फेस धरला. लो साइडच्या (कमी दाबाच्या बाजूच्या) पोर्टची, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाची, पिनही हळूहळू बुडबुडे सोडत होती.

कंडेन्सर, ड्रायर (ओल शोषणारा डबा), पिन आणि उघडलेल्या जोडांच्या ओ-रिंग (रबरी कड्या), सगळं नवं घातलं. ओ-रिंगांना पीएजी (एसी कॉम्प्रेसरचं) तेल लावूनच बसवल्या. ड्रायरची टोपणं अगदी शेवटी काढली. आपल्या दमट हवेत तो उघडा राहिला तर बसवायच्या आधीच ओल पिऊन बसतो.

आता व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढणं. व्हिडिओंत काटा २९ इंचांपर्यंत (पाऱ्याच्या) नेतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, आणि दर हजार फुटांना हवेचा दाब साधारण एक इंच कमी होतो. त्यामुळे इथं काटा २७ च्या आसपास थांबतो, आणि ते बरोबरच आहे. त्यावरून पंपाला दोष देऊ नका. तोच पंप चोर्ला घाट उतरून गोव्यात नेला तर २९ दाखवेल. खरी परीक्षा मायक्रॉन गेजवर (आत उरलेला अगदी थोडा दाबही मोजणारा). ५०० च्या खाली उतरून, पंप बंद केल्यावरही आकडा टिकला पाहिजे. पावसाळी गार दिवस असेल तर पंप जास्त वेळ चालू द्या. गार पाणी उकळून बाहेर पडायला जास्त खोल व्हॅक्यूम लागतो.

गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजनकाट्यावर टिन ठेवून भरला. बाहेर ३२ अंश असताना लो साइड ३० पीएसआय, हाय साइड (जास्त दाबाची बाजू) २०० च्या आसपास, आणि व्हेंटमधून ८ अंशांची हवा. क्लचची टकटक थांबली.

तेलात यूव्ही डाय (यूव्ही दिव्यात चमकणारा रंग) टाकलाय. पाऊस संपला की कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलवर दिवा मारून बघणार आहे. कंडेन्सरपुढे बारीक जाळी बसवायचाही विचार आहे. कुणी बसवली असेल तर हाय साइडचं प्रेशर किती वाढलं, तेवढं सांगा.