पार्किंगचे पैसे आणि पांढऱ्या पेशी

नागपूरला आले की एक वाक्य ऐकायला मिळतंच. "तुमच्या अमेरिकेत बरं हाय बापा, कॅन्सर झाला तरी माणूस वाचते." मी तिथे कॅन्सरच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्समध्ये काम करते हे माहीत असलेले तर ते खास माझ्याकडे बघून म्हणतात. "वाचते, पण कोण वाचते ते पाहा लागते," असं मी सुरू केलं की विषय संत्र्याच्या भावाकडे जातो. म्हणून इथे निवांत लिहिते.

अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांना स्तनाचा कर्करोग होण्याचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा थोडं कमीच आहे. त्यानं मरण्याचं प्रमाण मात्र सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगानं दगावणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट. कोणी म्हणेल, शरीरातच काही फरक असेल. थोडा आहे. 'ट्रिपल निगेटिव्ह' नावाचा हट्टी प्रकार कृष्णवर्णीय बायकांमध्ये जास्त आढळतो. पण ज्या प्रकाराला वर्षानुवर्षं रोजच्या एका गोळीनं काबूत ठेवता येतं, त्यातही हीच दरी दिसते. तिथे पेशींना दोष देऊन भागत नाही.

मी राहते डेलावेअरमध्ये. आकारानं आपल्या नागपूर जिल्ह्यापेक्षाही लहान असलेलं हे राज्य. बी.फार्म. नागपुरात केलं, पुढचं शिक्षण तिकडे, आणि आता एका रुग्णालयात ट्रायल को-ऑर्डिनेटर. काम ऐकायला भारी, करायला बरंचसं कारकुनी. सकाळी ओपीडीची यादी उघडायची आणि कोणत्या पेशंटचा आजार कोणत्या चाचणीत बसतो ते बघायचं. मग अटींचा तक्ता: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, प्लेटलेट, न्यूट्रोफिल. एका खान्यातला आकडा जरी कमी भरला तरी 'अपात्र' असा शेरा मारायचा आणि पुढचं नाव घ्यायचं. या तक्त्यात जात-वर्ण कुठेच लिहिलेला नसतो. तरी तो गाळतोच.

एक निवृत्त बस ड्रायव्हर होते, मल्टिपल मायलोमाचे पेशंट. हा अस्थिमज्जेचा कर्करोग कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या दुप्पट होतो. नव्या औषधाच्या चाचणीत ते सगळ्या बाजूंनी बसत होते, फक्त न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हव्या होत्या १५०० आणि त्यांच्या होत्या १३००. मी त्यांचे जुने रिपोर्ट काढले. कर्करोग व्हायच्या कितीतरी आधीपासून आकडा तेवढाच, आणि त्या सगळ्या काळात ना कधी मोठा ताप, ना कसलं इन्फेक्शन. त्यांच्यासाठी तोच नॉर्मल होता.

याचं कारण विज्ञानाला चांगलं ठाऊक आहे. पश्चिम आफ्रिकेत ज्यांचं मूळ आहे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर 'डफी' नावाचं एक प्रथिन नसतं. ते नसलं की व्हायवॅक्स मलेरियाच्या जंतूला पेशीत शिरणं फार अवघड जातं. त्याच्याच जोडीनं रक्तातल्या न्यूट्रोफिलचा आकडा जरा खाली राहतो, प्रतिकारशक्ती मात्र कमी होत नाही. विदर्भातल्या माणसाला हे परकं वाटू नये. आपल्याकडच्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमधला सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजारही मलेरियानंच मागे ठेवलाय, आणि अमेरिकेतही सिकलसेल मुख्यतः कृष्णवर्णीयांचाच आजार आहे. (सिकलसेलच्या औषधांना इतकी वर्षं का लागली, हा वेगळ्या लेखाचा आणि जास्त रागाचा विषय आहे.)

आमच्या डॉक्टरांनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की अटीत सूट देता येत नाही. नियमानं ते बरोबरच होतं, ट्रायलमध्ये अशी माणसागणिक सूट देता येत नसतेच. ड्रायव्हरकाकांना नेहमीचे उपचार सुरू झाले आणि ते बरे आहेत. पण ते नवं औषध त्यांच्यासारख्यांवर कसं चालतं याची एक नोंद कमी झाली. अमेरिकेत मायलोमाच्या पेशंटांपैकी साधारण २० टक्के कृष्णवर्णीय आहेत आणि औषधांच्या चाचण्यांत त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास. ही तफावत अशी एकेका खान्यातून तयार होते. २०१७ पासून कॅन्सर तज्ज्ञांची संघटनाच सांगतेय की या अटी नव्यानं तपासा. तरी जुन्या चाचणीचा कागद उघडायचा आणि अटी तशाच नव्यात उतरवायच्या, ही सवय काही सुटत नाही.

कृष्णवर्णीयांचा चाचण्यांवर विश्वासच नाही, असं सांगताना कोणीतरी टस्कगी गावाचं नाव काढतंच, आणि काढायलाच हवं. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानं अलाबामातल्या शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस नुसता बघत ठेवला. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही त्यांना दिलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत, आणि त्यांच्या कुटुंबाची एका मोठ्या कंपनीशी तडजोड व्हायला २०२३ साल उजाडलं.

एवढं असूनही, सगळं खापर अविश्वासावर फोडणं मला पटत नाही. ते आमच्या सोयीचं आहे म्हणून आम्ही फोडतो. अभ्यास सांगतात की 'चाचणीत येता का' असं खरंच विचारलं तर निम्म्याहून जास्त पेशंट हो म्हणतात, आणि यात कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या मागे नाहीत. प्रश्न मुळात विचारला जातच नाही. "ते काही येणार नाहीत, लांब राहतात" असं डॉक्टर मनातच ठरवून मोकळे होतात. आणि आलेला टिकवायचा तर मधे येतं पार्किंग. चाचणीत गेलं की रक्त द्यायला, स्कॅनला, औषधाला जास्तीच्या फेऱ्या. रुग्णालयाच्या आवारात गाडी लावायचे पैसे दर वेळी द्यायचे, तासावर काम करणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार बुडतो तो वेगळाच. एका बाईंनी संमतिपत्राची वीसेक पानं माझ्याबरोबर शांतपणे वाचली, चांगले प्रश्न विचारले, सही केली. पुढे त्यांनी चाचणी सोडली ती मुलाची शाळा सुटायची वेळ आणि इन्फ्युजनची, म्हणजे शिरेतून औषध सोडायची वेळ एकच होती म्हणून. गरिबांसाठीचा सरकारी विमा मेडिकेड. चाचणीत असताना लागणारा नेहमीचा खर्च त्यानं द्यावा अशी देशभर सक्ती झाली तीसुद्धा २०२२ च्या जानेवारीपासून.

यावर उपाय आहे, आणि तो आमच्याच छोट्या राज्यात करून झालाय. या शतकाच्या सुरुवातीला डेलावेअरनं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी सगळ्यांपर्यंत न्यायचं ठरवलं. विमा नसणाऱ्यांच्या तपासणीचे पैसे राज्य देणार, कर्करोग निघाला तर उपचारांचेही देणार, आणि रुग्णालयांत 'नॅव्हिगेटर' नेमणार. नॅव्हिगेटर म्हणजे फोन करून तारीख घेणारी, आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध कसं घ्यायचं ते सांगणारी, गाडीची सोय बघणारी व्यक्ती. २००९ पर्यंत कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधलं तपासणीचं अंतर मिटलं, आणि मृत्यूंमधली दरीही जवळपास भरत आली. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. कल्पनासुद्धा उसनी. न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमधले सर्जन डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये ती सुरू केली होती. त्याआधी त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशंटांपैकी पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्के होतं. स्वस्त तपासणी आणि नॅव्हिगेशन आल्यानंतरच्या वर्षांत ते ७० टक्क्यांवर गेलं.

या सुट्टीत शेजारच्या काकूंचा बायोप्सीचा रिपोर्ट आणायला त्यांच्यासोबत नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. बाहेर लावलेल्या गाड्यांच्या नंबर प्लेट वाचल्या तरी नकाशा डोळ्यांपुढे येतो: गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट. एक जोडपं खिडकीशी उभं होतं. आपसात गोंडी बोलत होते, फाइल सिमेंटच्या पोत्याच्या कापडाच्या पिशवीत. खिडकीतून सांगणं झालं, "दोन नंबरला जा." दोन नंबरवरून सांगितलं, "आधी आरोग्यमित्राकडं जा." आरोग्यमित्र जेवायला गेलेले. काकू म्हणाल्या, "पोरी, इकडं या, बसा आधी. रेशनकार्ड आनलं काय? कोनतं हाय, पिवळं का केशरी?" महात्मा फुले योजनेचे कागद काकूंना यजमानांच्या आजारपणापासून तोंडपाठ. अर्ध्या तासात त्यांनी त्या जोडप्याला योग्य टेबलासमोर नेऊन बसवलं, स्वतःचा रिपोर्ट घ्यायचा बाजूला ठेवून.

डेलावेअरमध्ये या कामाला पगार असतो. आपल्याकडे आरोग्यमित्र आहेत, आणि ती सोय चांगली आहे, पण त्यांच्या हातात योजनेचे कागद आहेत. पेशंट तिसऱ्या केमोला का आला नाही हे बघायला कोणाला नेमलेलं आहे? बहुतेक ठिकाणी त्यासाठी एखादी काकूच असते.

आता आपला स्वतःचा हिशेब. अमेरिकेतल्या फॉर्मवर माझा खाना 'एशियन'. त्यात चिनी, व्हिएतनामी, पंजाबी आणि नागपूरच्या धंतोलीत वाढलेली मी, सगळे एकत्र, त्यामुळे आपल्या लोकांचं वेगळं चित्र कळायला मार्ग नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत फुफ्फुसाच्या कर्करोगाचं एक औषध तिथल्या औषध नियामकांच्या सल्लागारांसमोर आलं होतं. चाचणी फक्त चीनमध्ये झालेली. '१४ विरुद्ध १' मतांनी त्यांनी सांगितलं की आमच्या लोकांवर अजून चाचणी करा. योग्यच. पण मुख्यतः गोऱ्यांवर तपासलेलं औषध उलट दिशेनं नागपुरात येतं तेव्हा हा प्रश्न कोण विचारतं? २०२४ पासून तर ठरावीक देशांत मान्य झालेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट मिळण्याची सोय झालीय. पेशंटला औषध लवकर मिळतं हा फायदा मी नाकारत नाही. पण आपली नोंद राहून जाते ती जातेच.

आपला प्रश्न घेऊन चाचणी केली तर काय होतं, त्याचं उदाहरण मुंबईत आहे. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, आपल्या भागात कुठवर पोचलाय, ते नागपूरकरांना सांगायला नको. तोंड उघडेनासं होतं, मग गाठ, मग जबडा. अशा तोंडाच्या-घशाच्या बळावलेल्या कर्करोगावर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध चालतं, पण त्याचा पूर्ण डोस परवडणारे आपल्याकडे अगदी मोजके. अमेरिकेत नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के होतं, औषध जोडल्यावर ४३ टक्के. एवढा कमी डोस तपासून बघण्यात औषध कंपनीला रस असायचं कारणच नाही. हा प्रश्न मुंबईतच सुचणार होता.

तर घरात कोणाला कर्करोग निघाला आणि डॉक्टरांनी ट्रायलचं नाव काढलं, तर 'आमच्यावर प्रयोग करून राहिले' म्हणून लगेच उठू नका आणि लगेच सहीही करू नका. भारतातल्या चाचण्यांची नोंदणी 'सीटीआरआय'च्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते, तिथे ती आहे का ते पाहा. संमतिपत्र तुमच्या भाषेत मागा, त्याची प्रत घरी न्या, तो तुमचा हक्क आहे. मधेच सोडायचं झालं तर सोडता येतं, आणि त्यापायी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते कागदात दाखवायला सांगा. नेहमीपेक्षा जास्तीच्या फेऱ्या किती, आणि गडचिरोलीहून येणाऱ्याच्या एसटीचं भाडं, मुक्कामाचा खर्च कोण देणार, हे सही करायच्या आधी विचारा. आमच्याकडे पार्किंगचे पैसे चाचणीच्या बजेटमध्ये आले ते पेशंटांनी वारंवार विचारल्यावरच.