‘घर बंद’ आणि माझं स्लिपर ऑर्किड

कुरिअरवाल्यांच्या लेखी आमचं घर नऊ दिवस बंद होतं. मी रिटायर माणूस, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्याच घराच्या पायरीवर बसून रोज दोन वेळचा चहा पीत होतो, आणि संध्याकाळी मोबाईलवर मेसेज यायचा: ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, घर बंद.’

पार्सलात कालिम्पाँगहून मागवलेली स्लिपर ऑर्किडची, म्हणजे पॅफिओपेडिलमची, दोन रोपं होती. कुंडी नाही, मुळांभोवती नुसतं ओलं शेवाळ. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडला पाणी साठवायला जाड कांड्या असतात, याला तसलं काही नसतं. मुळं वाळली की खेळ खलास. हे ठाऊक असल्यामुळंच जास्त जळफळाट.

तिसऱ्या दिवशी फोन केला. “तक्रार नोंदवली आहे सर, ४८ तास.” ते ४८ तास गेले. सहाव्या दिवशी भर पावसात स्कूटर काढून शहराबाहेरचं गोदाम गाठलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “काका, पार्सल हितंच हाय, पर कुठल्या ढिगात हाय ते घावंना. उद्या या.” दुसऱ्या दिवशी तो रजेवर. त्याच्या जागी बसलेल्याला आधारची झेरॉक्स पाहिजे होती. झेरॉक्स काढून परत येईस्तोवर त्यांची जेवणाची सुट्टी झालेली. नवव्या दिवशी मी सरळ स्टूल ओढून दारात बसलो. मग दहा मिनिटांत घावलं! टेबलफॅनच्या खोक्याखाली, ‘वरची बाजू’चा बाण जमिनीकडं करून. घरी पोचलो तर मेसेज हजर: ‘घर बंद.’

म्हणून पहिला सल्ला: रोपं थंडीत मागवा, आणि पार्सल पोचल्याचं कळताच स्वतः जाऊन उचला.

मुळं एकेक करून दाबून बघितली. चांगलं मूळ तपकिरी, लवदार आणि कडक लागतं. कुजलेल्याची साल निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. एका रोपाचे सगळे दोरेच. दुसऱ्याची तीन मुळं शाबूत होती.

ते चार इंची कुंडीत लावलं. पाइनच्या सालीचे बारीक तुकडे, थोडा कोळसा, थोडं परलाइट, म्हणजे ते पांढरे हलके दाणे. बुडखा सेंटीमीटरभर आत. साल कमी पडली तिथं नारळाच्या सोडणाचे तुकडे घातले, पण तीन दिवस पाणी बदलत भिजवून, कारण त्यात क्षार असतात. मोठी कुंडी घेऊ नका, मध्ये ओल धरते. आणि साल कुजायच्या आत, वर्ष-दीड वर्षानं, सगळं बदलायचं.

खतासाठी कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) मागितलं. “किती एकर?” म्हटलं, एक कुंडी. दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. किलोचा पुडा घ्यावा लागला. गुजरीतल्या ओळखीच्या सराफानं हसत हसत अर्ध्या अर्ध्या ग्रॅमच्या पुड्या करून दिल्या. लिटरभर पाण्यात एक पुडी, पंधरा दिवसांतून एकदा. मधल्या वेळी नुसतं पाणी भरपूर ओतून साठलेले क्षार धुऊन काढायचे.

पाणी मात्र बोअरचं नको. आमच्या बोअरनं महिन्याभरात पानांची टोकं करपली, कुंडीच्या कडेला पांढरी खर धरली. आता पागोळ्यांचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतो. कोल्हापुरात पावसाला काय तोटा! वरचा थर सुकायला लागला की पाणी, पार कोरडं होऊ द्यायचं नाही. जागा पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड.

हां, राहिलंच. पाणी सकाळी घाला, आणि पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर कापसानं टिपा, नाहीतर गाभा सडतो.

जानेवारीत फूल आलं. ते गेल्यावर सौ. ते रोप उपटायला निघाली होती, कारण फुललेला कोंभ परत फुलत नाही. पण हे केळीसारखं आहे, बुडाला पिल्लू येतं. आमच्याला दोन आलीत.