चार मिलिमीटर सरकलेला कप

सायकल स्टँडवर होती, पुढचं चाक जमिनीपासून वीतभर उचललेलं. हँडल सरळ केलं आणि हात सोडला. चाक आपसूक डावीकडे वळून पडलं. पुन्हा सरळ केलं, या वेळी बोटाने उजवीकडे ढकललं, तर ते निम्म्या वाटेत अडलं आणि तिथेच थांबलं. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, सकाळी तिची पात्रता फेरी होती, आणि हा हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगांचा संच, आदल्या दिवशी मीच बसवला होता.

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली त्याला आठवडा झाला होता. डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरच्या, शर्यतींचा तिचा दुसराच हंगाम. सायकल वापरलेली घेतलेली: 27.5 इंची चाकं, 200 मिमी दबणारा ड्यूअल क्राउन फोर्क, म्हणजे वर-खाली दोन क्राउनांत धरलेला पुढचा सस्पेन्शनचा दुशाखा, फ्रेम जुनी पण धड. स्टँडला लावायच्या आतच ती म्हणाली, "दादा, हिचा हेड अँगल दोन अंशांनी कमी करायचाय. अँगल हेडसेट बसवून द्याल ना?" हेड अँगल म्हणजे फोर्कची तिरकी रेषा जमिनीशी करते तो कोन.

"दोनच का?"

"आमच्यातल्या एकाची नवी सायकल आहे, ती 63 ची. माझी कागदावर साडेचौसष्ट. उतार एकदम खडा झाला की मला हँडलवरून पुढे फेकल्यासारखं होतं, आणि तो तिथूनच बिनधास्त उतरतो."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. 1990 मध्ये दुरांगोला पहिली अधिकृत जागतिक माउंटन बाइक स्पर्धा झाली, तेव्हा या सायकलींचा हेड अँगल 71 अंशांच्या आसपास असायचा. तेव्हापासून तो उतरतच आला आहे, कारण अँगल जितका कमी तितकं पुढचं चाक स्वाराच्या पुढे आणि खड्या उतारावर तितका धीर. जुनी फ्रेम न बदलता हे साधायचा एक मार्ग म्हणजे अँगल हेडसेट. फ्रेमच्या पुढच्या नळीत वर-खाली बसणाऱ्या त्याच्या कपांमधलं भोक तिरकं असतं. वरचा कप स्टिअरर, म्हणजे फोर्कचा त्या नळीतून जाणारा दांडा, थोडा मागे घेतो, खालचा थोडा पुढे नेतो. तिच्या सायकलीची हेडट्यूब, म्हणजे फ्रेमची हीच पुढची नळी, 110 मिमीची होती. एवढ्या लांबीत एक अंश म्हणजे वर जेमतेम एक मिलिमीटर मागे आणि खाली तेवढंच पुढे. इतक्याशा फरकाने सायकलीचा स्वभाव बदलतो. त्यामुळेच हे काम करताना माझा हात अजूनही जपून चालतो.

पण मी तिला लगेच काही मागवू दिलं नाही. दोन अंश मागणाऱ्याला नेमकं काय हवंय, हे आधी सायकलीकडून समजून घ्यावं लागतं.

डिजिटल कोनमापक आधी जमिनीवर ठेवून शून्य केला, मग फोर्कच्या वरच्या नळीला टेकवला. या नळ्या स्टिअररला समांतर असतात, म्हणून तिथलं माप चालतं. आकडा आला 64.9. कागदावर 64.5. हे वरचे 0.4 कुठून आले ते शोधायला फार वेळ लागला नाही. ड्यूअल क्राउन फोर्कच्या नळ्या दोन्ही क्राउनमधून वरखाली सरकवता येतात, आणि आधीच्या मालकाने त्या वरच्या क्राउनच्या वर 10 मिमी जास्त काढून ठेवल्या होत्या. पुढचा भाग तेवढा बसला, अँगल तेवढा उभा झाला. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मग तिला सायकलीवर उभं केलं, शर्यतीच्या सगळ्या कपड्यांत, हेल्मेटसकट. नळीवरची रबरी रिंग खाली सरकवली, तिला हळूच उतरवलं. सॅग, म्हणजे नुसत्या स्वाराच्या वजनाने फोर्क जेवढा दबतो ते, 65 मिमी. 200 मिमीच्या फोर्कला हा बराच जास्त. पुढे साधारण 20 ते 25 टक्के, म्हणजे 40 ते 50 मिमी, असला की मला बरं वाटतं. फोर्कमधली हवा कमी होती. खड्या उतारावर ब्रेक दाबला की तो आणखी खोल बसत होता, आणि फोर्क 20 मिमी बसला की हेड अँगल जवळपास पाऊण अंशाने उभा होतो. "फेकल्यासारखं होतं" ते इथून येत होतं. तिचं शरीर बरोबर सांगत होतं, कारण मात्र एकट्या फ्रेमच्या अँगलमध्ये नव्हतं.

"म्हणजे हेडसेट नकोच?" तिने विचारलं. तिचा चेहरा पडला होता.

हवा वाढवून सॅग 45 वर आणला, नळ्या फोर्कच्या पत्रकातल्या खुणेपर्यंत खाली घेतल्या, अँगल मोजला: 64.5. तिला म्हटलं, "दोन दिवस अशीच चालव. मग ये, आणि कुठल्या वळणावर काय झालं ते सांग."

दोन दिवसांनी ती आली तेव्हा बोलणं बदललेलं होतं. फेकल्यासारखं होणं बहुतेक गेलं होतं. पण वरच्या टप्प्यात, जिथे खडकांच्या पायऱ्यांवरून वेगाने उतरावं लागतं, तिथे पुढचं चाक अजून अस्वस्थ होतं, हँडल हातात भिरभिरत होतं. खालच्या सपाट टप्प्यातल्या आवळ वळणांत सायकल आवडली होती. हे तिने आपणहून सांगितलं आणि माझा निर्णय तिथे झाला.

अँगल एक अंशाने उतरवला की या मापाच्या सायकलीत ट्रेल, म्हणजे स्टिअररची रेषा जमिनीला जिथे भेटते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, सातेक मिमीने वाढतो. चाक सरळ राहायला बघतं, खडकांवर हँडल शांत होतं. पण हळू, सपाट वळणात तेच चाक आळसावतं, बाहेर जायला बघतं, आणि स्वाराने मुद्दाम पुढे वजन टाकलं नाही तर पकड सुटते. तिच्या उताराचा निम्मा भाग सपाट वळणांचा. दोन अंश केले असते तर वर कमावलेलं तिने खाली घालवलं असतं. दोन अंशांची मागणी घेऊन येणाऱ्या बहुतेकांना एक पुरतो, असं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे. तिलाही तेच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बरं, एक."

आता कुठला, हा प्रश्न. इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण खोक्यावर फक्त "उणे 1" एवढंच वाचतात. हेडट्यूब आतून मोजावी लागते, वर आणि खाली वेगवेगळी. व्हर्नियरवर तिची दोन्हीकडे 49.6 आली, म्हणजे जुनी दीड इंची हेडट्यूब. एसएचआयएस या हेडसेट मापांच्या पद्धतीत आत बसणाऱ्या कपांसाठी हिचं नाव झेडएस 49. स्टिअरर सरळ, 28.6 मिमीचा. फॉक्स 40 फोर्क काय किंवा बॉक्सर फोर्क काय, ड्यूअल क्राउनमध्ये वर्षानुवर्षं हाच दिसतो. दीड इंची नळीत 28.6 चा स्टिअरर म्हणजे भरपूर मोकळी जागा, तिरकं भोक करायला वाव. हाच स्टिअरर अरुंद हेडट्यूबमध्ये असता तर एक अंशही ओढूनताणून बसला असता. आणि ज्या फ्रेममध्ये बेअरिंग थेट फ्रेमच्याच खाचेत बसतं, वेगळा कप नसतोच, तिथे पर्याय फारच थोडे उरतात.

खालचा कप बाहेर येणारा घेतला असता तर दोन्ही क्राउनमधलं अंतर दहाएक मिमीने वाढलं असतं. नळ्या आता खाली घेतल्यामुळे वरच्या क्राउनला धरायला तेवढी जागा नव्हती. फोर्क बनवणारे हे अंतर कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती ते देतात, आणि ते मी कधी ओलांडत नाही. वरचा क्राउन नळीला अपुरा धरलेला असला तर पुढे काय होईल याचा विचारसुद्धा नको. म्हणून दोन्ही कप आत बसणारेच.

राहिला प्रकार. एकात कपाच्या आत फिरणारी वाटी असते, ती दोन बेअरिंगना आपोआप एका रेषेत आणते, हेडट्यूबच्या लांबीची चिंता राहत नाही. पण तिथे एक सांधा वाढतो, आणि चिखलधुळीत रोज धुतल्या जाणाऱ्या सायकलीत वाढीव सांधा मला नको असतो. दुसऱ्यात कोन धातूतच कापलेला. हा घट्ट आणि गप्प, पण तो त्या त्या हेडट्यूबच्या लांबीसाठीच बनतो, आणि दोन्ही कप एकमेकांच्या अगदी समोरासमोर, सायकलीच्या मध्यरेषेवर बसवायची जबाबदारी बसवणाऱ्याची. मी दुसरा निवडला. 110 मिमीला चालणारा, उणे एक अंश.

आणि बसवताना चूक केली.

सरावाच्या आदल्या दिवशी कामं साचली होती. वेळ वाचवायला मी दोन्ही कप एकाच वेळी प्रेसमध्ये धरले. प्रेसचा दांडा फिरवताना खालची चकती कपाला चिकटून त्याच्याबरोबर थोडी फिरली. मी फक्त वरच्या कपाची खूण बघत होतो. कप पूर्ण बसले, बेअरिंग, क्राउन रेस (खालच्या बेअरिंगखाली क्राउनवर बसणारी कडी), फोर्क सगळं चढलं. प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा आवळ, लावताना हेडसेट कधी सैल वाटे, तर पाव फेरा आवळला की जड. नवीन आहे, बसेल, असं मनाशी म्हटलं. तिथेच थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या दोन फेऱ्या करून ती आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, ही डावीकडे ओढते. सरळ उतारावरही मला उजव्या हाताने धरून ठेवावी लागते."

आधी ब्रेकच्या नळीवर संशय घेतला. नळी सोडवली, फरक नाही. मग स्टँडवर चाक सोडून बघितलं, आणि ते डावीकडे पडलं.

फोर्क उतरवला. खालच्या कपाच्या कडेवरची बारीक खाच हेडट्यूबच्या मधोमध हवी होती. मोजलं, तर चार मिलिमीटर बाजूला. तेवढ्या व्यासावर चार मिलिमीटर म्हणजे जवळपास नऊ अंश. वरचा कप सरळ मागे बघतोय, खालचा पुढे आणि जरासा बाजूला. दोन बेअरिंगमधून एक सरळ स्टिअरर जात होता आणि दोघंही त्याला वेगवेगळीकडे ओढत होते. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर एका जागी खरखर आधीच सुरू झाली होती. दोनच फेऱ्यांत.

ती बाजूलाच उभी होती. मी सरळ सांगितलं, "माझी चूक आहे. कप फिरलाय. आज रात्रीच परत बसवतो."

"उद्या चालवता येईल?"

"हो. पण आधी मी स्वतः तपासेन, मगच हो म्हणेन."

कप काढायच्या सळईने खालचा कप हलक्या ठोक्यांनी, चारही बाजूंनी थोडा थोडा बाहेर आणला. हेडट्यूब आतून पुसली आणि चार दिशांनी मोजली. प्रत्येक वेळी 49.6, गोलाई शाबूत. ती बिघडली असेल याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती. मग सीटखालच्या उभ्या नळीच्या मध्यापासून फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवरून हेडट्यूबपर्यंत दोरा ताणला. दोऱ्याची रेषा हेडट्यूबच्या पुढच्या बाजूला आणली, तिथे चिकटपट्टी लावून टोकदार पेन्सिलीने उभी रेघ ओढली. वरचा कप त्या रेघेवर बरोबर होता. खालच्या कपाला नवा ग्रीस लावून तो बोटांनी टेकवला, खाच रेघेवर. या वेळी एकच कप, प्रेस फक्त त्याच्यासाठी, आणि चकती व कपाच्या मध्ये ग्रीस लावलेला वॉशर, म्हणजे फिरली तरी चकतीच फिरेल. दोन मिलिमीटर आत गेल्यावर थांबलो, बघितलं. पुन्हा दोन, पुन्हा बघितलं. पूर्ण बसेपर्यंत सहा-सात वेळा खाली वाकून तीच एक रेघ बघितली.

खराब झालेलं बेअरिंग बदललं. फोर्क चढवला, प्रीलोड लावला. या वेळी सैल आणि जड यांच्यामध्ये एक सरळ जागा सापडली, जी आदल्या दिवशी सापडत नव्हती. क्राउनचे बोल्ट टॉर्क रेंचने पत्रकातल्या आकड्याला आवळले. हँडल पूर्ण वळवून फोर्कचे रबरी ठोकळे फ्रेमला जिथे टेकायला हवेत तिथेच टेकतात का ते बघितलं, कारण कोन बदलला की नळ्यांची जागाही किंचित बदलते.

हात सोडला. चाक डावीकडे पडलं. सरळ करून उजवीकडे जरासं झुकवलं, तितक्याच सहज उजवीकडे पडलं.

कोनमापक म्हणाला 63.7. साडेचौसष्टातून एक वजा केला तर 63.5 यायला हवं, पण फोर्क पुढे झुकला की फ्रेमचा पुढचा भाग पाचेक मिमी खाली येतो आणि एका अंशातला जवळपास पाव अंश परत जातो. कपांवर लिहिलेला कोन आणि जमिनीपासून मोजलेला कोन यांत हा फरक राहतोच.

सकाळी तिने एक फेरी हळू केली. खाली येऊन दोन्ही हात हँडलवरून क्षणभर उचलून दाखवले, सायकल सरळ गेली. पात्रता फेरी तिने पूर्ण केली, वरच्या खडकांवर आदल्या महिन्यात जिथे ती ब्रेक दाबायची तिथे तिने सोडून दिलं, असं तिनेच सांगितलं. खालच्या एका वळणात चाक बाहेर गेलं होतं. "तिथे मी मागे बसले," ती म्हणाली, "सायकलीचं नाही ते."

ती निघायच्या आधी मी पांढऱ्या रंगाच्या पेनने खालच्या कपावरून हेडट्यूबवर जाणारी एक उभी बारीक खूण केली. कप पुन्हा कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. पंधरा दिवसांनी ती तपासणीला आली तेव्हा सगळ्यात आधी चिखल पुसून ती रेघ बघितली. अखंड होती. मग बाकीची सायकल बघायला घेतली.