लाल सिलिकॉन

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बीडला तेव्हा दुपारी पाना हातात धरवत नाही, इतका तापतो. अशात गेवराईकडची एक डिझेल गाडी गॅरेजवर आली. मालक उतरता उतरताच म्हणाले, "मिस्त्री, दोनदा टर्बो बदललं. तेल गळायचं थांबंनाच झालंय. आता तिसरं टाका म्हणू लागलेत."

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो तेलानं माखलेला, मागून निळा धूर. ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप काढला तर आत वाटीभर तेल. एवढं बघितल्यावर कुणीही टर्बोच्याच माथी मारणार. पण टर्बोत रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक कड्या असतात. टर्बोचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तिथं रबर काय टिकणार? आलेलं तेल लगेच खाली उतरलं, तरच त्या कड्यांचा निभाव लागतो. तेल येतं पंपाच्या दाबानं आणि परत जातं नुसत्या उतारानं. म्हणून तर रिटर्न पाइप अंगठ्याएवढा जाड असतो.

शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. एअर फिल्टर साफ होता (आमच्याकडच्या फुफाट्यात हे नवलच). चालू इंजिनवर तेलाचं झाकण उलटं ठेवून पाहिलं, ते आतल्या दाबानं काही नाचलं नाही. म्हणजे इंजिनच्या पिस्टन रिंगा ठीक, आतला दाब बाहेर सोडणारा ब्रीदरही मोकळा.

मग रिटर्न पाइप खालून सोडवला, त्याचं तोंड रिकाम्या डब्यात धरलं आणि पोराला सेल मारायला सांगितलं. चांगली जाड धार लागली. पाइप मोकळा होता! मग अडलंय ते पाइप जिथं इंजिनला जुळतो, त्या ब्लॉकच्या तोंडाशीच. टॉर्च मारली. भोकावर जोड बंद करायच्या सिलिकॉनचा पापुद्रा धरलेला आणि मधोमध ज्वारीचा दाणा जाईल एवढीच वाट.

पापुद्रा लाल होता. आमच्या गल्लीत सगळे काळं नाहीतर राखाडी सिलिकॉन वापरतात. लाल ट्यूब माझीच.

वही काढली. गाडीचा नंबर दिवाळीच्या आधीच्या पानावर सापडला, तेव्हा ड्रायव्हर घेऊन आला होता. रिटर्न पाइपच्या त्या जोडात बसणारं गॅस्केट (पातळ चकती) संभाजीनगरहून यायला दोन दिवस लागणार होते आणि त्याला त्याच संध्याकाळी निघायचं होतं. मी सिलिकॉन जरा सढळ हातानं लावून पाइप आवळला होता. जास्तीचं आत दबलं आणि पुढं त्यावर काजळी चढत गेली.

पापुद्रा मालकांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो दोन बोटांत चुरगाळून बघितला.

"म्हंजे हे तुमचंच?"

"हो."

बराच वेळ बोलले नाहीत. मग पाणी मागितलं.

नवं गॅस्केट टाकलं, पाइप धुतले, तेल माझ्या पदरचं भरलं. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. जाताना म्हणाले, "काढलेले दोन्ही टर्बो गोठ्यात पोत्यात बांधून ठेवलेत. ते तरी विकून द्या आता."

आठ दिवसांनी ते पोतं आलं. दोन्ही टर्बो बाकड्यावर घेऊन शाफ्ट हलवून पाहिले. एकालाही प्ले नव्हता.