सुंभाचा पीळ

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार म्हणजे आमच्याकडे तुटलेल्या ब्रॅकेटचा, तार धरायला दातांवर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांचा दिवस. चकल्या आणि कडक लाडू खाऊन आलेल्या मुलांनी बाकडी भरलेली असतात. वाकडे दात सरळ करण्याच्या, बार्शीतल्या माझ्या दवाखान्यात त्या सकाळीही तेच चाललं होतं. त्या गर्दीत नववीतली एक मुलगी आई आणि आजीच्या मध्ये तोंड घट्ट मिटून बसली होती. तिघी वैरागकडच्या एका गावातून पहिल्या एसटीने आल्या होत्या.

मुलीला मी लगेच ओळखलं. वीस महिने तिच्या तारा मीच आवळत होते. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, तारा काढल्या तेव्हा ती आरशापुढून हलायलाच तयार नव्हती. दातांवरून सारखी जीभ फिरवत होती. आता खुर्चीत बसली तरी ओठ उघडेना.

"मॅडम, हिचा दात परत फिरलाय," आई म्हणाली. "साखरपुड्याचे फोटो बघताना माझ्या ध्यानात आलं. विचारलं तर नुसती रडती."

दात खरंच फिरला होता. वरच्या पटाशीच्या मोठ्या दाताशेजारचा, डावीकडचा लहान दात. उपचारापूर्वी तो अर्धवट उघड्या दारासारखा तिरपा होता. आम्ही तो पुरता सरळ केला होता आणि आता तो निम्मा परत गेला होता. मी मोजलं, शेजारच्या दाताच्या मागे जवळजवळ दोन मिलिमीटर. खालचे दात मात्र जूनमध्ये सोडले तसेच, एका रेषेत. त्यांच्या मागच्या बाजूला सुळ्यापासून सुळ्यापर्यंत मी बारीक पिळाची तार चिकटवली होती, ती शाबूत होती. वरच्या दातांना मात्र काढता-घालता येणारा पारदर्शक रिटेनर दिला होता, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं कवच.

"रिटेनर घालतेस ना?"

मुलगी गप्प. आजीने पिशवीतून निळी डबी काढून माझ्या हातात दिली. आतली वस्तू ओळखायला मला क्षणभर लागला. कडा आत वळलेल्या, दाढांकडच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे ओढलेल्या.

"डॉक्टरीणबाई, म्या उकळलाय त्यो," आजी म्हणाल्या. "पोरीला बोलू नका. तिची चूक न्हाई."

आषाढात मुलीला ताप आला होता. तोंडातली वस्तू, ताप उतरल्यावर शुद्ध केलेली बरी, म्हणून आजींनी ती पातेल्यात टाकून खळखळ उकळली. नातवंडांच्या दुधाच्या बाटल्या त्यांनी अशाच उकळल्या होत्या. काळजी घेणाऱ्या माणसानेच केलेली ही गोष्ट, मी त्यांना काय बोलणार? हा रिटेनर बनतो तोच मुळी उष्णतेवर. साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून मऊ करायचा आणि दातांच्या प्लास्टरच्या साच्यावर दाबून बसवायचा. हे प्लास्टिक 80 अंशांच्या आसपास मऊ पडतं. उकळत्या पाण्यात गेल्यावर त्याने आकार सोडला.

मुलीने त्याच दिवशी तो घालून पाहिला होता. बसेना. मग तिने डबी दप्तराच्या तळाशी लपवली. वडिलांनी तारांचे हप्ते सोयाबीन विकून भरले होते हे तिला माहीत होतं. पुन्हा खर्च सांगायचा कसा? शिवाय दात तर आता सरळच आहेत, काय होणार, असंही तिला वाटलं. हे सगळं ती हुंदके देत सांगत होती आणि आई पहिल्यांदाच ऐकत होती.

मी कपाटातून जूनमध्ये दिलेल्या सूचनांच्या कागदाची प्रत काढली. छापील, इंग्रजी, बारीक अक्षरात दहा मुद्दे. गरम पाण्याचा उल्लेख सातव्या मुद्द्यात. त्या दिवशी मी तोंडीही सांगितलं होतं, पण पाच मिनिटांत, आणि ऐकणारी मुलगी आरशात हरवलेली. आजी तर आलेल्याच नव्हत्या. सप्टेंबरची तपासणी चुकली तेव्हा आमच्याकडून साधा एक फोनही गेला नव्हता. वीस महिने दर महिन्याला बोलावलेलं लेकरू, तारा निघाल्यावर मी एका कागदाच्या भरवशावर सोडलं. हे मला फार लागलं.

"पण बाई," आजींनी विचारलं, "वीस म्हयने बांधलेला दात सरळ झाला की. हाडात बसलेला दात परत फिरतोय कसा?"

हा प्रश्न आई-वडील सहसा विचारत नाहीत. म्हणून मी बाहेरच्या मुलांना थोडं थांबायला सांगितलं आणि स्टूल ओढून आजींसमोर बसले.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, मी म्हणाले. तुमच्या घरी सुंभाने विणलेली बाज असेल. तिच्यावर माणूस जसा दोरांच्या आधारावर असतो, तसा दात बारीक धाग्यांवर तोललेला असतो. मूळ आणि हाड यांच्यातली फट मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, आणि ती धाग्यांनी विणलेली. तारांनी आपण दात सरकवतो तेव्हा एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. तारा काढल्यावर मुळाभोवतीचे धागे तीन-चार महिन्यांत नव्या जागी घट्ट होतात. पण वर, हिरडीत, दाताच्या मानेभोवती वेगळे धागे असतात. गोल फिरवलेल्या दाताबरोबर तेही ओढले जातात, आणि सैल पडायला फार वेळ घेतात. नॉर्वेच्या कोरे रायटान यांनी कुत्र्यांचे दात फिरवून हे तपासलं होतं. दात 232 दिवस धरून ठेवल्यावरही हिरडीतले धागे ताणलेलेच होते. या मुलीचा दात आपण जेमतेम पाच आठवडे धरून ठेवला.

आजींनी मान हलवली. "म्हंजी सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाई, तसं."

इतकी वर्षं मी रिटेनर समजावते आहे, पण इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग पुढचं ठरवलं. वरच्या पुढच्या सहा दातांवर पुन्हा ब्रॅकेट, दोन-तीन महिन्यांसाठी. दात जागेवर आला की भूल देऊन त्याच्या मानेभोवतीचे हिरडीतले धागे कापायचे, म्हणजे पिळाचा जोर कमी होईल. हे ऐकून मुलीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. दुखतं का, विचारलं. दोन दिवस ठणकेल, मी खरं ते सांगितलं. त्यानंतर वरच्या दातांनाही मागून चिकटवलेली तार, आणि शिवाय काढता-घालता येणारी प्लेट, तीही रिटेनरच. पुढून तार असलेली, आता गुलाबी ॲक्रिलिकची बनणारी ही प्लेट चार्ल्स हॉले या अमेरिकन डॉक्टरांनी 1919 मध्ये मांडली. शंभर वर्षांनंतरही ती चालते, कारण ती मजबूत असते आणि सैल झाली तर चिमट्याने पुन्हा आवळता येते. उकळत्या पाण्यात मात्र तीही टिकत नाही, हे मी आजींकडे बघून दोनदा सांगितलं.

पैशांचा विषय आईने काढला. ब्रॅकेटचे घेणार नाही म्हटलं. चूक निम्मी माझ्या दवाखान्याची होती.

"आणि प्लेट किती महिने घालायची?" आईने विचारलं.

हे उत्तर मला नेहमीच जड जातं. पहिले सहा महिने जेवण आणि दात घासणं सोडून दिवसभर, त्यानंतर रोज रात्री, आणि दात सरळ हवेत तोवर. आईचा चेहरा पडला. पण खोटी मुदत सांगण्यात अर्थ नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढा, काढून उपचार केलेल्या 65 जणांचे खालचे दात रिटेनर बंद झाल्यावर दहा वर्षांनी तपासले, तेव्हा दोन तृतीयांश लोकांचे समाधानकारक राहिले नव्हते. हा अभ्यास 1981 मध्ये छापून आला. ज्यांना कधीच तारा लागल्या नाहीत त्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटीवाटीने बसतात. शरीर म्हातारपणापर्यंत बदलत राहतं आणि दात त्याच शरीरात असतात.

निघण्यापूर्वी मी मुलीला कोरा कागद दिला. मी सांगत गेले, ती मोठ्या मराठी अक्षरांत लिहीत गेली. जेवताना काढून डबीतच ठेवायची, रुमालात किंवा कागदात नाही. शाळेतल्या कचऱ्याच्या डब्यात रिटेनर जातात ते असेच, कागदात गुंडाळलेले. थंड पाणी, मऊ ब्रश. बसेना तर त्याच दिवशी फोन. आजींना अक्षर येत नव्हतं, म्हणून तिने खाली चुलीवरचं पातेलं काढलं आणि त्यावर लाल पेनने फुली मारली. त्या कागदाची मी झेरॉक्स काढून ठेवली. इंग्रजी कागदांचा गठ्ठा त्याच संध्याकाळी रद्दीत गेला.

रात्री नऊच्या सुमारास फोन वाजला. मुलीची आई होती.

"मॅडम, सासूबाई विचारत्यात, प्लेट आली की धुवायला थंड पाणी म्हणजे माठातलं चालेल का?"

"चालेल," मी म्हणाले. "माठातलं अगदी चालेल."