दोन्ही कोअर मिळून चुकले तर?

आज लॅबमध्ये पोरांना लॉकस्टेप दाखवलं, म्हणजे गाडीच्या चिपमधला बिघाड पकडायची पद्धत. एकाच चिपवर दोन कोअर (हिशेब करणारे मेंदूच म्हणा), दोघांना तोच प्रोग्रॅम, पण दुसरा मुद्दाम दोन क्लॉक सायकल, म्हणजे चिपचे दोन ठोके, मागे. म्हणजे विजेचा झटका बसलाच तर दोघांना एकाच पायरीवर गाठत नाही. उत्तरं जुळली नाहीत की तुलना करणारं सर्किट लगेच बोंब मारतं. आम्ही चाचणीसाठी चूक घडवली, बोर्डावरचा लाल दिवा लागला, सगळे खूश.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, दोघांनी मिळून चुकीचंच उत्तर दिलं तर?"

काय नेमका प्रश्न विचारला पोरीने! २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पी इथे उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच ती प्रणालीला दिसली होती. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू ठरवत राहिली आणि दर वेळी आधीचा माग पुसत गेली. चिप बिघडलेलीच नाही, दोन्ही कोअर तेच चुकीचं उत्तर देणार; इथे लॉकस्टेप काय करणार? आयएसओ २६२६२ हे गाड्यांच्या सुरक्षिततेचं मानक बिघाडांचं बघतं. बिघाड नसतानाच्या अशा उणिवांसाठी आयएसओ २१४४८ आहे, ते २०२२ साली आलं.

आणि आपल्याकडे? गाळप हंगामात रात्री शिरोलीकडे जाताना पुढे उसाच्या दोन जोडट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, मोळ्या बाहेर आलेल्या. त्याला वाहन म्हणायचं की ढीग? असले प्रसंग चाचणीत आलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. यंदा हंगाम सुरू झाला की असल्या ट्रॉल्यांचं रात्रीचं चित्रण गोळा करायचं पोरांनी मनावर घेतलंय.